सड्यावरचा जड कंद

भार्गव परब शिट्टी छान वाजवतो, हे बायकोच्या तोंडून तिसऱ्यांदा ऐकलं तेव्हा श्रीकर इंगवले वाटाण्याचं पान चिरत होता. पातं जरा जोरातच चाललं. काचेच्या बशीत पानाचा नुसता लगदा झाला आणि तो टाकून त्याला दुसरं पान खुडावं लागलं.

"शिट्टीवर अख्खी भैरवी वाजवतो रे," रेवा म्हणाली. "सकाळी सड्यावर वारा पडलेला असतो ना, तेव्हा ऐकावी."

"डॉक्टरेट त्याला शिट्टीतच मिळाली असेल."

रेवा खळखळून हसली. तिला तो विनोद वाटला.

सडा म्हणजे राजापूरच्या पलीकडचं जांभ्या दगडाचं उघडं पठार. पावसाळ्यात ते फुलांनी भरून जातं आणि एरवी तव्यासारखं तापतं. २०४७ सालच्या उन्हाळ्यात तर अनवाणी चालणारी गुरंही तिथे चढेनाशी झाली होती. रेवा आणि परब, दोघंही वनस्पतिशास्त्राचे डॉक्टर, गेले तीन पावसाळे तिथले कंद धुंडाळत होते. श्रीकर कोल्हापुरात मापनशाळेत बसून पानं चिरत होता. या पावसाळ्यानंतर रेवा घरी आली ती थेट त्याच्या प्रयोगशाळेतच, पाठीवरची पिशवीही न उतरवता. श्रीकरला त्याचा आनंद झाला असता. पण तिच्या अंगात परबचं जर्किन होतं.

"माझं काट्यात फाटलं," ती म्हणाली. त्याने विचारलं नव्हतं, तरी म्हणाली. मग बशीवर वाकून तिने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. हाताला कैरीचा आणि ओल्या चुन्याचा मिळून एक विचित्र वास होता. बाहीलाही तोच वास होता.

"कसला वास हा?"

"जाईल धुतल्यावर," रेवा म्हणाली आणि हात मागे घेतला.

वास धुऊन जातो. पण त्या दोन वाक्यांच्या मधे तिच्या चेहऱ्यावर जे आलं आणि गेलं, ते श्रीकरच्या डोक्यातून गेलं नाही. ती काहीतरी लपवत होती, आणि ती लपवायला अगदी कच्ची होती.

श्रीकरचा हुद्दा मापकाचा. पूर्वी असा हुद्दाच नव्हता. प्रत्येक सजीवाच्या पेशीत डीएनए असतो आणि पेशीतला सगळा डीएनए मिळून होतो त्याचा जिनोम. त्याचं वजन करता येतं. ग्रॅमचा अब्जावा भाग घ्यायचा आणि त्याचेही हजार तुकडे करायचे, त्यातला एक तुकडा म्हणजे पिकोग्रॅम. माणसाच्या जिनोमचा एक संच साधारण साडेतीन पिकोग्रॅम भरतो. कांद्याचा भरतो जवळपास सतरा. म्हणजे भजी खाणाऱ्यापेक्षा भज्यातला कांदा पाचपट भारी, असं श्रीकर कॉलेजात व्याख्यानाला गेला की सांगायचा, आणि पोरं हसायची. सड्यावर पावसाळ्यात जी सीतेची आसवं फुलतात, त्यांच्या कुळातल्या काही वनस्पतींचा जिनोम माणसाच्या पन्नासाव्या भागाइतका. आणि पॅसिफिकमधल्या एका बेटावर वीतभर उंचीचं एक नेचं आहे, त्याचा माणसाच्या पन्नासपट! आकाराशी, अकलेशी, कशाशीच या वजनाचा ताळमेळ नाही. डीएनएचे काही तुकडे स्वतःच्या नकला काढून भलतीकडे चिकटवत बसतात, लाखो वर्षं. काही प्रजाती ही अडगळ वेळोवेळी बाहेर काढतात. काही साठवत जातात.

अडगळ साठवणाऱ्याला तिचं भाडं भरावं लागतं. जिनोम मोठा, म्हणून पेशी मोठी. पानावरची रंध्रं मोठी आणि सुस्त, उघडायला मिटायला वेळ लावणारी. पेशीच्या दोन पेशी व्हायला उशीर, वाढायला उशीर, फुलायला तर फारच उशीर. किती जड कंद किती वर्षांनी फुलतो याचं एक गणित श्रीकरनेच बसवलं होतं आणि ते फळ्यावर मांडून दाखवायला त्याला फार आवडायचं. पूर्वी या उशिराने कोणाचं बिघडत नव्हतं. उन्हाळे लांबले, पावसाचे खंड वाढले, तसं चित्र बदललं. हलक्या प्रजाती पटकन फुलून, बी टाकून मोकळ्या झाल्या. जड प्रजाती जागच्या जागी संपत गेल्या.

म्हणून आंबोलीला धुकेघर उभं राहिलं. डोंगराच्या कुशीत काचेची लांबलचक घरं, आत बारा महिने गारवा आणि धुकं. पण वाफे मोजके. तेव्हा नियम झाला. जिनोमचं वजन पंचेचाळीसच्या वर असेल त्या प्रजातीला वाफा मिळेल, आणि ज्याने ती शोधली त्याने पाच वर्षं तिथे राहून ती जगवायची. पंचेचाळीसच्या खाली असेल तिने आपलं आपण बघायचं. एखाद्या कंदाने जगायचं की नाही, हे मापकाच्या आकड्यावर ठरू लागलं.

इतकं वजन आकड्यावर आलं म्हणताना दुसराही नियम आला. मापकाकडे पान यायचं ते नुसत्या क्रमांकाच्या पाकिटात. पान कशाचं, कोणी आणलं, त्या आकड्यावर कोणाचं काय अवलंबून आहे, यातलं काहीही त्याला कळता कामा नये. कळलं तर पाकीट न मोजता परत करायचं. राज्यात मापक सात. कुठलं पाकीट कोणाकडे जाईल हे कोणालाच माहीत नसायचं, म्हणून शोधणाऱ्यांनी सातही जणांपुढे तोंड मिटून बसायचं. मापक घरचाच असला तरी.

श्रीकरला हा नियम पाठ होता. नवीन मापकांना तो तोच शिकवायचा. पण माणूस जळायला लागला की स्वतःचं पाठ केलेलंच आधी विसरतो.

एके दिवशी तो संध्याकाळी घरी आला तेव्हा रेवा गच्चीत फोनवर बोलत होती. दार उघडं होतं.

"खोली पश्चिमेचीच घेऊ," ती म्हणत होती. "आणि ऐक, पडदे निळे नकोत. अजिबात नकोत. पिवळे बघायला सांग."

श्रीकर चप्पल काढता काढता थांबला. पायरी वाजली. रेवाने वळून पाहिलं आणि "ठेवते" म्हणून फोन बंद केला.

"कोण होतं?"

"परब."

"काय म्हणतोय?"

"काही नाही. कामाचं."

"पडद्यांचं काम?"

रेवाने खालचा ओठ दातात धरला. हसू आवरताना ती तसं करते, हे त्याला बारा वर्षांच्या संसारात माहीत झालं होतं. आज ते हसू त्याला सुईसारखं टोचलं.

"तुला आत्ता नाही सांगता येणार, श्री. नंतर सांगते."

"नको सांगू की. मी कुठं विचारायलोय?"

तो आत गेला आणि उगीचच भांडी आवरायला लागला. पश्चिमेची खोली. पिवळे पडदे. आंबोली धुक्याची, थंड, आणि पाच वर्षं. पाच वर्षं सकाळी भैरवी! कुठला तरी कंद त्यांना सापडलाय आणि त्याच्याबरोबर दोघं निघालेत, हे त्याच्या लक्षात आलं. आपल्या बायकोने परक्या माणसाबरोबर पडद्यांचे रंग ठरवावेत आणि आपण इथे वाटाण्याला पाणी घालत बसावं! कुकरचं झाकण त्याने इतक्या जोरात ठेवलं की शेजारच्या काकूंनी खिडकीतून डोकावून "काय पडलं?" म्हणून विचारलं.

पाकीट आलं ते सोमवारी.

क्रमांक चारशे सतरा. फोडताक्षणी कैरीचा आणि ओल्या चुन्याचा वास आला. आत हाताच्या बोटाएवढी लांब, जाड पानं होती. कापल्या टोकाला चिकट रस सुटला होता. श्रीकर पाकीट हातात धरून उभा राहिला. नियम सरळ होता. पाकीट बंद करायचं, 'परत' असं लिहायचं आणि दुसऱ्या मापकाकडे जाऊ द्यायचं.

त्याने पानाचा तुकडा काट्यात टाकला.

काटा म्हणजे पेशीकाटा. पान वाटून पेशींची केंद्रकं मोकळी करायची, त्यांना डीएनएला चिकटणारा रंग लावायचा, मग एकेक केंद्रक निळ्या लेझरसमोरून सोडायचं. जितका डीएनए जास्त तितकं ते उजळ चमकतं. काटा ती चमक आपल्या पोटातल्या प्लास्टिकच्या मण्यांशी ताडून आकडा सांगतो. चहा होईपर्यंत काम झालेलं असतं. सगळे मापक असंच करायचे.

श्रीकर मात्र काट्यानंतर एकदा हातानेही मोजायचा. वाटाण्याच्या एका वाणाचं वजन पक्कं ठाऊक होतं. त्याचं पान आणि अनोळखी पान एकाच बशीत, थंड द्रावात, एकाच पात्याने चिरायचं, आणि दोघांची चमक शेजारी शेजारी बघायची. कारण काही पानांचा रस लबाड असतो. तो रंगाला डीएनएपर्यंत पोचूच देत नाही. केंद्रकं फिकी दिसतात आणि जड वनस्पती हलकी भासते. प्लास्टिकच्या मण्यांना रसाचं काही सोयरसुतक नसतं, म्हणून काट्याला फसवणूक कळत नाही. वाटाणा त्याच रसात भिजलेला असतो. तोही फिका पडतो आणि चुगली करतो. हाताचं माप नियमात नव्हतं. ती श्रीकरची सवय होती, आणि त्या सवयीवरच त्याचं नाव राज्यभर होतं.

काट्यावर आकडा आला, अडतीस.

बोटांना रस चिकटला होता. असा चिकट रस म्हणजे अडतीसवर विश्वास ठेवू नये, हे त्याच्याइतकं कोणाला कळत होतं? खिडकीत वाटाण्याची कुंडी होती. पातं बशीत होतं. अर्ध्या तासाचं काम.

त्याने हात धुतले. साबणाने दोनदा धुतले. मग खुर्चीत बसून त्याने 'अडतीस' हा आकडा पाठवून दिला. त्यात खोटं काय होतं? काट्याने सांगितला तोच आकडा. मापकाने याहून जास्त करावं असं कुठल्या नियमात लिहिलं होतं? आता वाफा नाही, म्हणजे खोली नाही, पडदे नाहीत. रेवा घरी येईल, कोल्हापुरात राहील, आणि परबने खुशाल एकट्याने सड्यावर शिट्ट्या माराव्यात. कित्येक दिवसांनी श्रीकरला जेवण गोड लागलं. रेवाने वाढलेलं पिठलं त्याने दोनदा मागून घेतलं.

निकाल जाहीर झाला त्या दिवशी रेवा दुपारीच घरी आली. रडली नाही. जेवणाच्या टेबलाशी बसून मिठाची बरणी उगाच फिरवत राहिली.

"आता बोलायला हरकत नाही," ती म्हणाली. "चारशे सतरा आमचा होता. सड्यावर एकाच भेगेत आहे तो, श्री. तीन वर्षं पानं येतात, फूल एकदाही नाही. फुलाशिवाय त्याला नावसुद्धा देता येत नाही. जगात दुसरीकडे कुठे असेल असं वाटत नाही. गेल्या वर्षी एकवीस होते, औंदा नऊ."

श्रीकरने पेला उचलून त्यात पाणी ओतलं.

"मला खात्री होती जड निघेल म्हणून. इतका हळू वाढतो. रंध्रं केवढाली मोठी." तिने बरणी ठेवली. "मग आज कळलं, पाकीट तुझ्याकडेच आलं होतं. तेव्हा म्हटलं, चला, विषय मिटला. श्रीने केलंय म्हणजे बरोबरच असेल."

तिच्या आवाजात टोमणा असता तर त्याला बरं वाटलं असतं. तो शोधूनही सापडला नाही.

"मग आता?" त्याने विचारलं.

"आता काय? धुकेघर नाही म्हणजे तिथेच जगवायचा. सावलीला जाळी, रोज पाणी. दसऱ्यानंतर जाते. कातळावर पत्र्याची शेड बांधतोय परब. पुढच्या पावसापर्यंत तरी हलता येणार नाही मला. पुढेही बघू."

श्रीकरच्या हातातला पेला तसाच राहिला. पत्र्याची शेड, परब आणि रेवा. आंबोलीला निदान चार माणसं तरी असती! ज्याला टाळण्यासाठी त्याने एवढं केलं, तेच त्याने स्वतःच्या हाताने घडवून आणलं होतं. एवढं होऊनही त्याला त्या नऊ कंदांची आठवण आली नाही. त्याच्या डोळ्यांपुढे फक्त ती शेड होती.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी परब रेवाचं सामान न्यायला जीप घेऊन आला. उंच, दाढी कोरलेली, मनगटात तांब्याचं कडं. आरशासमोरून जाताना तो थांबून केस सारखे करतो, हे श्रीकरने दारातच टिपलं आणि त्याचं पित्त खवळलं. रेवा जाळीचे गुंडाळे आणायला बाजारात गेली होती. त्यामुळे या माणसाला चहा करून देणं श्रीकरच्या वाट्याला आलं.

परबने बशीत चहा ओतला. फुरका मारला. "वाईट झाला बघा, भावजीनू," तो म्हणाला. रंगात आला की तो मालवणीत घसरायचा. "सगळा ठरलेला. तुमची खोली पण ठरलेली."

"माझी?"

"मग कोणाची? आता निकाल लागलो, लपवूचा काय? धुकेघरात मापकाची जागा रिकामी आसा. रेवान तुमचाच नाव सुचवल्यान. कंद जड निघालो तर ती तुमका घेऊन थंय जातली, असा ठरलेला. पश्चिमेची खोली, समोर दरी. माझ्या बायलेन पडदे पण शिवल्यान. पिवळे. निळे नको म्हणाली रेवा, तुम्ही दिवसभर त्या निळ्या उजेडात काम करतात म्हणान."

श्रीकरने हळूच विचारलं, "आणि तुम्ही?"

"मी खय जातलंय थंय? माका धुक्यात सर्दी होता. माका सड्याचा ऊनच बरा." परबने बशी खाली ठेवली. "खरा सांगू? माझी सुटका झाली असती. तीन पावसाळे तुमचाच नाव ऐकतंय. श्रीकर पान असा चिरता, श्रीकराचो हात असो हलको. कान किटले माझे! म्हणान तर शिट्टी वाजवूक लागलंय. तेवढा वेळ तरी ती गप ऱ्हवता."

तो मोठ्याने हसला. श्रीकरलाही हसावं लागलं. 'नंतर सांगते' असं ती म्हणाली होती. नियमाप्रमाणे वागत होती. जो नियम तो सगळ्या राज्याला शिकवत होता, तो या घरात एकट्या रेवाने पाळला होता.

तो उठला. "जाऊ नका लगेच," तो परबला म्हणाला. "रेवाला थांबवून धरा. मी मापनशाळेत जाऊन येतो."

चारशे सतराची उरलेली पानं शीतपेटीत होती. त्याने वाटाण्याचं पान खुडलं, दोन्ही एका बशीत घेतली, पातं नवीन लावलं. पहिल्याच मोजणीत वाटाणा फिका आला. ठरलेल्या जागेपासून कितीतरी खाली घसरलेला. रस लबाडच होता. त्याने रसाचा जोर मोडणारं द्रावण घातलं आणि पुन्हा चिरलं. पुन्हा मोजलं. वाटाणा आपल्या जागी परतला. त्याच्या शेजारचा, कंदाच्या चमकेचा उंचवटा काट्याच्या पडद्यावर उजवीकडे सरकत गेला आणि थांबला.

एकसष्ट.

मापनसमितीच्या प्रमुख पाटणकर मॅडम. त्यांना फोन लावताना श्रीकरचा आवाज सरळ होता.

"एकसष्ट?" मॅडम म्हणाल्या. "इंगवले, निकाल जाहीर झालाय. लागलेला निकाल दोनच कारणांनी उघडता येतो. एक तर काटा बिघडलेला असला पाहिजे, नाहीतर मापक."

"काटा ठीक आहे, मॅडम."

पलीकडे दार लावून घेतल्याचा आवाज आला.

"नीट विचार करून बोला. आंबोलीच्या जागेसाठी तुमचं नाव माझ्या समोर आहे. काटा बिघडला असं तुम्ही म्हणालात, तर मी तपासायला माणूस पाठवीन. त्याला काही सापडलं नाही तर निकाल तसाच राहील, एवढंच. पण जे तुम्ही बोलायला निघालाय ते बोललात, तर यापुढे एकही पाकीट तुमच्याकडे येणार नाही. कधीच."

"पाकीट फोडलं तेव्हाच मला कळलं होतं कोणाचं ते," श्रीकर म्हणाला. "वासावरून. तरी मी मोजलं. हाताने मोजायला हवं होतं हेही कळत होतं. नाही मोजलं, कारण आकडा कमीच यावा अशी माझी इच्छा होती."

"का पण?"

"माझ्या डोक्यात भलतं भरलं होतं, मॅडम."

हे सगळं पुन्हा एकदा त्याला घरी सांगावं लागलं. ते जास्त कठीण गेलं. परब आधीच जीपमध्ये जाऊन बसला होता. त्याला कोणी काही सांगितलं नव्हतं, पण तो शिट्टी वाजवत नव्हता. रेवा जाळीच्या गुंडाळ्यावर बसून ऐकत होती.

"जर्किनला वास होता," ती सावकाश म्हणाली. "तेवढ्यावरून."

"आणि पडदे."

"ते तुझ्या डोळ्यांसाठी होते, श्री."

"आज कळलं मला."

"तू जळलास, त्याचा मला राग नाही," रेवा म्हणाली. "खरं तर मला थोडी गंमतच वाटत होती. शिट्टीचं मी मुद्दाम सांगायची तुला, माहितीये? तुझं नाक कसं लाल होतं ते बघायला." ती हसायला गेली आणि हसू अर्ध्यात मोडलं. "पण नऊ उरलेत रे. नऊ. मी त्या दिवशी इथे बसून म्हटलं, श्रीने केलंय म्हणजे बरोबरच असेल. बारा वर्षं म्हणत आलेय मी हे, सगळ्यांना. त्या वाक्याचं आता काय करू?"

त्याने मान खाली घातली. तिने त्याच्या डोक्यावरून हात फिरवावा असं त्याला फार वाटलं. तिने फिरवला नाही.

निकाल उघडला. दुसऱ्या दोन मापकांनी वाटाण्याबरोबर हाताने मोजलं, दोघांनाही एकसष्टच आला. देशातल्या सगळ्यात जड वनस्पतींत चारशे सतराची गणना झाली आणि त्याला धुकेघरात वाफा मिळाला. वर्तमानपत्रात रेवा-परबचा फोटो आला. परब त्यात केस सारखे करून उभा होता. श्रीकरला वाटलं होतं की आता तरी या फोटोकडे आपण शांतपणे बघू शकू. तेवढी शांती काही त्याला लाभली नाही.

दिवाळी आटोपल्यावर आंबोलीची गाडी दारात आली. परब सड्यावरच राहिला होता, भेगेत उरलेले दोन कंद राखायला. नऊपैकी सहा कंद खोक्यात भरले होते. सातवा, सगळ्यात अशक्त, रेवाने कुंडीत लावून मांडीवर घेतला होता आणि धक्का लागू नये म्हणून भोवती आपली शाल गुंडाळली होती. लग्नानंतर पहिल्या थंडीत श्रीकरने घेतलेली तीच शाल.

"मापक कोण आलाय तिथे?" न विचारायचं ठरवूनही त्याने विचारलं.

"नागपूरचा कोणीतरी. अजून बघितला नाही मी."

पश्चिमेच्या खोलीत, पिवळ्या पडद्यांआड, नागपूरचा कोणीतरी. ज्याचं नावही ठाऊक नाही त्या माणसावर श्रीकर पुन्हा तसाच जळायला लागला. ते लपवावं एवढंही त्राण त्याच्यात उरलं नव्हतं. रेवाने ते पाहिलं. खालचा ओठ दातात धरला, आणि सोडून दिला.

ड्रायव्हरने गाडी सुरू केली. श्रीकरने खिडकीच्या काचेवर हात ठेवला.

"पाच वर्षांनी येशील ना?"

रेवाने शाल बाजूला करून कुंडीकडे पाहिलं. मातीतून एकच पान वर आलं होतं, करंगळीएवढं.

"हा फुलला की येईन," ती म्हणाली. "मग त्याला नाव देऊ. आणि तेव्हा बघू आपलंही."

गाडी कोपऱ्यावरून वळली. दारात उभ्या उभ्याच श्रीकरच्या मनाने सवयीने गणित मांडलं. एकसष्ट पिकोग्रॅम, करंगळीएवढं पान. ते गणित त्यानेच बसवलेलं होतं आणि आजवर एकदाही चुकलं नव्हतं. उत्तर पाच वर्षांच्या कितीतरी पुढचं आलं, तेव्हा तो तिथेच पायरीवर बसला.